क्लोरीनला आग्रहाचा एक

तानाबाई कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या एका शाळेत शिपाई. एकोणीस वर्षं तिनं प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या घासल्या, पण प्रयोगशाळा परिचर व्हायला दहावी लागते, आणि विज्ञानानं तिला दोनदा लोळवलं होतं. यंदा नापास झाली की ती जागा दुसऱ्याला जाणार होती. तानाबाईला ती हवी होती, फार हवी होती.

विज्ञानाच्या अनुजाबाई शाळा सुटल्यावर तिला शिकवत. पाण्याचा रेणू तिला चटकन कळला. हायड्रोजन आणि ऑक्सिजन इलेक्ट्रॉन वाटून वापरतात, तो सहसंयुज बंध.

"म्हंजे भावाभावांची सामाईक इहीर की!" तानाबाई म्हणाली, आणि तो धडा संपला.

घोडं अडलं ते मिठापाशी. सोडियम एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देतो. देणारा धन आयन होतो, घेणारा ऋण, आणि दोघं एकमेकांना धरून राहतात. हा आयनिक बंध. क्लोरीनच्या बाहेरच्या कक्षेत आधी सात असतात, एक मिळाला की आठ, कक्षा पूर्ण. तानाबाई आकृतीत दर वेळी इलेक्ट्रॉनचे नऊ ठिपके काढायची.

"मावशी, आठ!"

"आवो बाई, दारात आल्यालं पावणं हाय. आग्रहाचा एक नको व्हय?"

अनुजाबाई डोकं धरून बसत. पण आयुष्यभर पंगतीत वाढत आलेल्या हाताला आठावर थांबायची सवय कुठली?

पेपरच्या आदल्या दिवशी तानाबाईनं बाईंना जेवायला बोलावलं. तांबडा रस्सा दोनदा घेऊन झाल्यावर बाईंनी वाटीवर हात आडवा धरला. तानाबाईनं पळी पुढं केली. हात हलेना.

"मावशी, भरलीय हो वाटी. आता घातलात तर सांडेल."

पळी हवेतच राहिली. "बाई, क्लोरीनबी असाच हात धरतंय?"

"व्हय!" एरवी शुद्ध बोलणाऱ्या अनुजाबाई ओरडल्या. "असाच धरतंय!"

दुसऱ्या दिवशी तानाबाई पेपर देऊन आली ती मान खाली घालून.

"आठच काढलं, बाई. पन जीव ऱ्हाईना. नववा ठिपका कक्षेच्या भाईर काढला आन् शेजारी लिवलं, वाटेत खायाला बांधून दिलाय."

हसावं की रडावं, बाईंना कळेना. निकाल लागेपर्यंत तानाबाईनं घासलेल्याच परीक्षानळ्या पुन्हा पुन्हा घासल्या.

विज्ञानात बरोबर पस्तीस पडले. आता प्रयोगशाळेची किल्ली तिच्या कमरेला असते. तो पेपर कुणी तपासला, कोण जाणे. पण तपासणारा कोल्हापूरकडचाच असणार, यावर दोघींचं एकमत आहे.