कार्टवरच्या कादंबऱ्या

तुमच्या गावच्या लायब्ररीतून शेवटचं पुस्तक कधी आणलंत? मुलांसाठी नाही, स्वतःसाठी.

विचारते, कारण त्या सोमवारी माझ्यासमोर पुस्तकांनी भरलेली एक चाकांची कार्ट उभी होती आणि माझी बॉस लिंडा म्हणत होती, "मृणाल, ही सगळी पुस्तकं सिस्टिममधून काढून टाक."

अटलांटाच्या एका उपनगरातल्या लायब्ररीत मी काम करते. कार्टवर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन कादंबऱ्या होत्या. युद्धावरून परतलेला, सूट घालून ऑफिसला जाणारा आणि झोपेत ओरडणारा नवरा. नव्याकोऱ्या यंत्रांनी भरलेल्या किचनमध्ये गुदमरणारी बायको. हातात पैसे असूनही ज्याला कुणी घर विकत नाही असं कृष्णवर्णीय कुटुंब. लॉन नीट कापून या देशानं जे झाकलं, ते सगळं त्या कार्टवर होतं.

"का काढायच्या?"

"वीडिंग. रूटीन आहे."

वीडिंग म्हणजे खुरपणी. फाटलेली, कालबाह्य झालेली, कोणी नेत नाही अशी पुस्तकं काढून नव्यांना जागा करायची. गरजेचंच काम. पण शेजारच्या शेल्फवर कधीच बंद पडलेल्या सॉफ्टवेअरची गाइड्स आरामात बसली होती.

"मग ती का नाहीत?"

लिंडानं आवाज खाली आणला. "काही पालक त्या घर न मिळणाऱ्या कुटुंबाच्या कादंबरीवर चिडलेत. तेवढीच काढली तर लोक बॅन म्हणतील. सगळ्या काढल्या की वीडिंग. आणि खरं सांग, नेतं कोण त्या?"

इथं मी अडले. खरंच कोणी नेत नव्हतं.

"कोणी नेल्या तर?"

"तर राहतील. नियमच आहे. पण तू सोडून दुसऱ्या कोणी. शुक्रवारपर्यंत थांबते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पार्क गाठलं. तिथं आमच्या मराठी काका-काकूंचा वॉकिंग ग्रुप असतो. मी सगळं सांगितलं. कुलकर्णीकाका, रिटायर्ड इंजिनिअर, चालायचे थांबलेच नाहीत. "कशाला त्यांच्या भांडणात पडायचं? आपण पाहुणे."

"काका, नातवंडं इथं कॉलेजात गेली. अजून पाहुणे?"

शैलाकाकू मात्र थांबल्या. "अहो, आपण पहिलं घर बघायला गेलो होतो, आठवतं? एजंट म्हणाला, विकलं गेलं. आणि विक्रीची पाटी पुढे महिनाभर तिथंच."

"तो विषय आत्ता कशाला?"

"तोच विषय आहे." काकू माझ्याकडे वळल्या. "कुठली गं ती कादंबरी? मला दे."

मग कळलं, ग्रुपमध्ये एकाकडेही लायब्ररीचं कार्ड नव्हतं. कार्डं सगळी मुला-नातवंडांच्या नावावर. स्वतःसाठी पुस्तकं पुण्याहून बॅगेत यायची, लोणच्याच्या बरण्यांच्या मधे. ज्या लायब्ररीसाठी वर्षानुवर्षं टॅक्स भरला, तिथं ही माणसं फक्त पोरांना सोडायला यायची.

गुरुवारी दार उघडलं आणि स्नीकर्स घातलेल्या काकूंची रांगच लागली. आधी कार्डं, मग कादंबऱ्या.

"मोठ्या अक्षरांत आहे का हो ही?" एकीनं लिंडालाच विचारलं. शैलाकाकूंनी ती कादंबरी छातीशी धरली होती. त्यांच्या मागे कुलकर्णीकाका उभे.

"तुम्हीसुद्धा, काका?"

"ड्राइव्ह करून आणलंय हिला. रिकाम्या हातानं कशाला जाऊ?"

लिंडा एकेक पुस्तक स्कॅन करत गेली. दुपारी कार्ट रिकामी होती. संध्याकाळी ती मला म्हणाली, "पुढच्या महिन्यापासून शनिवारची ड्युटी तुझी."

"चालेल," मी म्हटलं. शनिवारी वाचक जास्त येतात.

वाचून परत आलेल्या कादंबऱ्या पुन्हा शेल्फवर गेल्या. त्यातून मी शिकले ते एवढंच: आता पुस्तक हाकलायला ना जाळ लागतो, ना बंदीचा हुकूम. आपण ते नेलं नाही की काम झालं. ते पालक निदान चिडले तरी होते. आपण तर त्या शेल्फकडे फिरकलोही नव्हतो.

म्हणून या आठवड्यात लायब्ररीत जा. स्वतःच्या नावाचं कार्ड काढा आणि त्या काळातली एक कादंबरी घरी आणा. शेल्फवर मिळाली नाही, तर डेस्कवर जाऊन विचारा, कुठे गेली? चारजणांना ऐकू जाईल असं विचारा.