कोणाच्याच हद्दीत नसलेले पाणी

लोणावळ्याजवळच्या ज्या संस्थेत मी इतकी वर्षे समुद्राचा कायदा शिकवत आलो, तिथून समुद्र दिसत नाही. दिसतात ते डोंगर आणि त्यांच्यावर टेकलेले ढग. जहाजावर जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी मी फळ्यावर आधी किनाऱ्याची रेघ काढतो, मग दोनशे सागरी मैलांवरची दुसरी. या दुसऱ्या रेघेपलीकडच्या पाण्यावर कोणत्याही राष्ट्राची सत्ता नाही, ते सर्वांना खुले आहे, हे वाक्य उच्चारताना पूर्वी माझा आवाज थोडा चढत असे. आता तो चढत नाही.

संस्थेच्या भोजनगृहात जवळच्या औंढे गावचा एक आचारी होता. तिशीतला, शेतकरी घरातला, आईवडिलांना एकुलता एक. लग्नाचा विषय निघाला की भांडी घासायला बसणारा.

"सर, तुमचा समुद्र कोनच्या डोंगरावरनं दिसतो? आईला दावून आनतो," असे त्याने एकदा वाढता वाढता विचारले.

"कोणत्याच नाही."

"मंग एवढी वर्सं पोरांना काय दावता? फळा?"

सगळी पंगत हसली. मीही हसलो. पुढे त्याने जहाजावर आचारी म्हणून जाण्यासाठी शिफारसपत्र मागितले. मी ते मन लावून लिहिले. 'धीराचा' हा शब्द मी त्यात मुद्दाम घातला होता.

वर्ष पुरे होण्याआधीच जहाजाच्या कंपनीचे पत्र आले. शिफारस माझी होती, म्हणून एक प्रत माझ्याकडेही आली. एका सकाळी आचारी स्वयंपाकघरात आला नाही, त्याची खोली रिकामी होती. जहाज मागे वळले, अंधार पडेपर्यंत शोध घेतला गेला आणि मग ते आपल्या मार्गाने निघून गेले. खाली अक्षांश-रेखांश होते. नकाशात पाहिले तर ती जागा सगळ्या रेघांच्या पलीकडे होती.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. आधी पोलीस ठाण्यात जाऊन आले होते.

"ठान्यात म्हन्ले, ही आमची हद्द न्हाई. मंग कुनाची, त्येवढं सांगा."

"तिथे कोणाचीच हद्द नसते, आबा. ते पाणी सगळ्यांचं आहे."

"सगळ्यांचं मंजी आमच्या गायरानागत. चरायला समदं गाव, आन ढोर मेलं की कुनीच न्हाई."

मी समजावले की जहाजावर ज्या देशाचा झेंडा असतो, त्याचाच कायदा त्या जहाजावर चालतो, आणि चौकशी त्यानेच करायची असते. तो देश म्हणजे दूरचे एक बेट होते. मी नकाशात दाखवले. आबांनी त्यावर बोट ठेवले, तेव्हा ते बेट बोटाखाली पूर्ण झाकले गेले.

"एवढुसा? आन ह्यो आमच्या पोराची चौकशी करनार?"

"नियम तसाच आहे."

त्यांनी बोट उचलले. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याच्या उत्तरासाठी मी स्वतःला क्षमा करू शकलेलो नाही. "दिवस घालायचे का?" देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मग दहावे, तेरावे करतात, ते करावे का, असे त्यांना विचारायचे होते.

मी म्हणालो, "नका करू. तुम्हीच दिवस घातलेत तर मृत्यू तुम्ही मान्य केला असं होईल, आणि ते चौकशी बंद करतील."

असा नियम कुठेही नाही. मी शिकवतो त्या कायद्यात नाही, त्या बेटाच्या कायद्यात असण्याचेही काही कारण नाही. मी पुस्तक न उघडता बोललो, आणि माझ्या तोंडून आले म्हणून त्यांनी ते कायदा मानले. पुढे कित्येकदा मी स्वतःला विचारले की असे का बोललो. उत्तर लाजिरवाणे आहे. तो मेला असे ठरले नाही, तोवर माझे शिफारसपत्रही कोणाच्या मृत्यूला कारण ठरत नव्हते. मला त्याला बेपत्ता ठेवायचे होते.

मी कंपनीला आणि त्या बेटाच्या सरकारला पत्रे लिहीत राहिलो. उत्तरे सभ्य असत आणि त्यांत काहीच नसे. दरम्यान खुल्या समुद्रातल्या जीवसृष्टीच्या रक्षणासाठी राष्ट्रांचा नवा करार झाला. मी तो वर्गात शिकवला. करार चांगला आहे, गरजेचाही आहे. पण कोणाच्याच नसलेल्या पाण्यातल्या जिवांची जबाबदारी सर्वांनी घ्यावी, हे वाक्य मला पुरे करता आले नाही. मी तास लवकर सोडला.

आबा वाट पाहतच गेले. त्यानंतरच्या पितृपक्षात त्यांची पत्नी माझ्या दारात येऊन उभी राहिली. आत या म्हटले तर आली नाही.

"सर, काल म्हाळ घातला. ह्यांच्या नावाचं पान ठिवलं. पोराचं ठिवता येईना. जित्याचं पान ठिवत न्हाईत. बाप जेवला आन पोरगं उपाशी. अजून किती दिस?"

"मावशी, मी खोटं बोललो होतो," मी म्हणालो, आणि सगळे सांगितले. अंधार पडल्यावर शोध थांबला होता, हेही सांगितले. ते मी आबांना कधीच कळू दिले नव्हते.

ती रडली नाही. "ह्यांना तेवढं तरी सांगायचंत," एवढेच म्हणाली.

आठवड्याभरात ओढ्याकाठी विधी झाला. बायका अशा जागी येत नाहीत, ती आली. चुलत पुतण्याने दर्भाच्या पुतळ्याला अग्नी दिला. पाणी सोडताना भटजींनी दक्षिणेकडे तोंड करायला सांगितले, तेव्हा तिने त्यांना थांबवले.

"दक्षिण समद्यांच्या मयतांची. माज्या पोराची दिशा कुटली, त्ये सरांना म्हाईत हाय."

भटजींनी माझ्याकडे पाहिले. ते अक्षांश-रेखांश मला पाठ होते. मी नैऋत्येला, डोंगराच्या खांद्याकडे हात केला. पुतण्या तिकडे वळला.

"तितं पानी किती खोल?"

"खूप."

"खूप नगं. परसात सांगा."

परस म्हणजे विहिरीचे माप, हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढे. मी मनात हिशेब केला. खोटे बोलण्याची ती शेवटची संधी होती, आणि दया म्हणून ते खपूनही गेले असते.

"दोन हजार परसांच्या वर, मावशी."

तिने आयुष्यात पाहिलेली सर्वांत खोल विहीर आठ-दहा परसांची असेल. ती ओठ हलवत विहिरीवर विहीर रचू लागली.

"मंजी त्यो येत न्हाई," ती म्हणाली. मग पुतण्याला म्हणाली, "सोड पानी."

त्याने सोडले. मी हात जोडले. तिने माझ्याकडे पाहिले नाही.