ठेंगणं दार आणि ताठ पंच

ती घटना आजही आठवते, कारण तिची खूण माझ्या कपाळावर आहे. सत्तरीचं दशक. साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या ठाण्यात मी नवी महिला शिपाई होते. दरडावण्याचा सराव आरशापुढे करायची. आरसा घाबरायचा, बाकी कुणी नाही.

एका बागायतदाराच्या घरातली सोन्याची बोरमाळ गेली. दोन दिवसांनी त्याच्या मेव्हण्याने खबर दिली: माळ मोलकरणीच्या घरात, धान्याच्या कणगीच्या बुडाशी आहे. मोलकरणीचा नवरा फौजेत, घरी ती एकटी.

फौजदारसाहेबांबरोबर मी झडतीला गेले. रुबाबात ताठ शिरले आणि ठेंगण्या दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं. चांगली खोक पडली. बाईने धावत येऊन हळद दाबली. तेवढ्यात साहेबांनी कणगीतून माळ काढली.

पंचनामा ठाण्यात लिहिला. पंच नेहमीचे, समोरचा सायकलवाला आणि त्याचा भाऊ. पंक्चर काढता काढता सह्या करायचे. तेव्हा ते चालून जायचं.

चौकशीत मी टेबल बडवलं. “बोल, माळ कवा उचलली?”

“आवं बाई, कपाळ दुखतंय का अजून?” मग हळूच, “मी चोर न्हाई. ह्यांना कळवू नगा. पलटणीत मान खाली जाईल त्यांची.”

खटला तालुक्याच्या न्यायाधीशांपुढे आला. ते कुणाकडे चहासुद्धा घेत नसत. त्यांची सांगलीच्या मोठ्या कोर्टावर बढती ठरत आलीय, असं कोर्टाचा शिरस्तेदार सांगायचा. बागायतदाराची वरपर्यंत ओळख आहे, हेही तोच सांगायचा.

न्यायाधीशांनी सायकलवाल्याला विचारलं, “घरात कसे शिरलात?”

सहा फुटी गडी. “सरळ, साहेब. ताठ मानेनं.”

मग आरोपीला विचारलं, काही सांगायचंय का.

“साहेब, आमच्या दारातनं समदी वाकून जात्यात. ह्या बाई तेवढ्या ताठ आल्या आन् कपाळ फोडून घेतलं. हळद मीच लावली.”

कोर्ट हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी मला साक्षीच्या पिंजऱ्यात बोलावलं. “हे खरं?”

“व्हय, साहेब.”

“पंच तिथं होते?”

मागे फौजदारसाहेब छताकडे बघत होते. पाठ केलेली साक्ष मी साफ विसरले. “न्हाई, साहेब. सह्या ठाण्यात झाल्या.”

याला कुणी धाडस म्हणू नये.

बाई निर्दोष सुटली. निकालपत्रात एक वाक्य होतं: खबर देणाऱ्याला नेमकी जागा कशी ठाऊक, याचा तपास व्हावा. झाला. बाईचं वीस गुंठे रान मेव्हण्याच्या उसाला लागून होतं आणि ती ते विकत नव्हती. माळ त्यानेच ठेवली होती. हे तो टेबल न बडवताच बोलला.

मला महिनाभर जादा कवायत मिळाली. न्यायाधीशांना सांगली जिल्हा मिळाला, पण पार कोरड्या टोकाचा तालुका. शहरातलं मोठं कोर्ट मिळेपर्यंत केस पांढरे झाले त्यांचे. त्याबद्दल ते कुणाशी बोलल्याचं ऐकलं नाही.

त्या खटल्याने मला शिकवलं ते एवढंच, की दुसऱ्याच्या घरात शिरताना आधी त्याचं दार बघावं. पुढची सगळी नोकरी मी पंचनाम्यात दाराची उंची लिहीत राहिले. हाताखालची पोरं हसायची.

जमादार झाल्यावर सांगलीला त्याच न्यायाधीशांपुढे साक्षीला उभी राहिले. पंचनामा वाचताना ते थांबले, चष्म्यावरून माझ्या कपाळाकडे पाहिलं.

“पंच वाकले होते?”

“दोघंही, साहेब.”

“आणि तुम्ही?”

“सगळ्यांत आधी, साहेब.”