अध्यक्षांच्या अनुमतीने

गंगापूर रोडवरच्या आमच्या महिला मंडळाची मी पहिल्यांदा अध्यक्ष झाले, तेव्हा पस्तिशीची होते आणि पक्की नंदीबैल होते. कडक इस्त्रीची साडी, यजमानांनी लिहून दिलेलं भाषण. शेवटी सूत्रसंचालक म्हणायचे, "अध्यक्षांच्या अनुमतीने कार्यक्रम संपला असे जाहीर करतो." मी गंभीरपणे मान हलवायची. मला खरंच वाटायचं, मी हलवली नाही तर कार्यक्रम अडून बसेल! लोक तोवर चपला शोधत असायचे. अशाच एका समारंभात पाहुण्यांनी मंडळामागची मोकळी जागा पार्किंगला देऊन टाकली. मी मान हलवली. वर शाल पांघरून फोटोला हसले. तो फोटो अजून आहे. त्यातल्या बाईला एक चापट द्यावीशी वाटते.

यंदा सत्तरीत पुन्हा मलाच अध्यक्ष केलं. म्हातारी आहे, गप बसेल, असा सगळ्यांचा अंदाज. वर्धापनदिनाला आमचे नगरसेवक पाहुणे होते. भाषणात सहज म्हणाले, मंडळाची पुढची खोली आता त्यांचं संपर्क कार्यालय होणार. त्या खोलीत आमचं पाळणाघर चालतं. सातपूरच्या कारखान्यांत जाणाऱ्या बाया तिथे पोरं ठेवतात. खोली गेली की त्यांचं कामावर जाणं बंद. तरी टाळ्या पडल्या. माझं भाषण वेळेअभावी कापलं आणि सूत्रसंचालन करणारे निवृत्त गुरुजी माइकवर आले.

"अध्यक्षांच्या अनुमतीने..."

"नाही," मी म्हणाले.

गुरुजी कानाशी वाकले. "ताई, ही नुसती म्हणायची पद्धत असते हो."

"तुमची म्हणायची, माझी द्यायची. आज देत नाही."

पाहुणे हसले. "आजी, गंमत करताय."

"आजी घरी. इथे अध्यक्ष. पाळणाघर हलणार नाही, हे माइकवर सांगा, मग उठू."

"बघू ना. विचार करू."

"करा की. मी बसलेय. गुडघे तसेही उठू देत नाहीत."

मागे एक आई पोराला कडेवर घेऊन निघाली होती, ती परत खुर्चीत बसली. मग दुसरी. चपलांपाशी गेलेलेही माघारी आले. पाहुण्यांना अजून दोन उद्घाटनं गाठायची होती. शेवटी त्यांनी माइक ओढला. "पाळणाघर आहे तिथेच राहील."

"पुन्हा एकदा. मागे ऐकू गेलं नाही."

त्यांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा मी मान हलवली, अगदी पस्तिशीतल्यासारखी गंभीरपणे.

माझी शाल द्यायला ते विसरले. मीच टेबलावरून उचलली. पाळण्यात अंथरायला बरी आहे.