जास्वंदीची सुनावणी

देवासाठी दुसऱ्याच्या कुंपणातलं फूल तोडणं आमच्याकडे चोरी समजत नाहीत. पुण्यात पहाटे पिशवी घेऊन फिरणारी सभ्य माणसं मी लहानपणापासून बघत आलोय. काहींच्या हातात तर आकडा बांधलेली काठी असायची. हे बचाव म्हणून सांगत नाही. बचाव मी चार वर्षं मनातल्या मनात केला, आता कंटाळा आलाय.

म्युनिकबाहेर, एस-बान लोकलच्या शेवटच्या टोकाला, आम्ही भाड्याच्या घरात राहतो. शेजारी लॅटिनचे निवृत्त शिक्षक. कायद्यातलं शहाणपण ग्रीकांना सुचलं, रोमनांनी ते लिहून काढलं आणि जर्मनांनी फायलीला लावलं, असं त्यांचं ठाम मत. आमच्या पन्हाळीचं पाणी त्यांच्या बाजूला ठिबकलं तेव्हा त्यांनी तक्रार केली नाही, रोमन लोक ठिबकणाऱ्या पाण्याबद्दल काय म्हणत ते पाऊण तास सांगितलं. पन्हाळ दुरुस्त करणं त्यापेक्षा सोपं होतं. मी मधूनमधून ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणत राहिलो, आणि तेवढ्यावर गल्लीत माझी ‘इथे नीट रुळलेला भारतीय’ अशी ख्याती झाली. ती मी जिवापाड जपली. काचेच्या बाटल्या रंग बघून टाकायच्या, रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही, वगैरे.

त्यांच्या बागेत एक जास्वंद होती. थंडीतही जगणारी इथली जात, पण फूल चांगलं गडद लाल. ऐन गणपतीत बहरायची. आमच्या गणपतीला सुपरमार्केटमधली शेवंती वाहून वाहून मला लाज वाटायला लागली होती. चार वर्षांपूर्वीच्या गणपतीत रोज पहाटे पावणेसहाला मी कुंपणावरून हात घालून तीन फुलं काढायला लागलो. संध्याकाळी कोमेजणारच होती, असं स्वतःला सांगत.

तेव्हा सासरे तीन महिन्यांसाठी आलेले होते. साताऱ्याच्या कोर्टात आयुष्यभर शिरस्तेदार होते. साक्षी, जबान्या, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. सकाळी ते मैदानाच्या कडेला प्लॅस्टिकची पिशवी घेऊन दूर्वांसारखं दिसणारं गवत शोधत फिरत. ती पिशवी कोणाच्या तरी नजरेत भरली.

चौथ्या दिवशी शेजारी दारात आले. चिडलेले नव्हते. फुलं जातायत, म्हातारे गृहस्थ पिशवीसह दिसलेत, पण दुसरी बाजू ऐकल्याशिवाय कोणाला दोषी धरायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. अथेन्समधले पंच तशी शपथ घेत, रोममार्गे ते या देशाच्या राज्यघटनेपर्यंत आलंय. तेव्हा शनिवारी तीन वाजता, त्यांच्या टेरेसवर. सोबत प्लमचा केक.

अथेन्समध्ये दोन्ही बाजूंना पाणघड्याळाने सारखा वेळ मोजून देत. इथे टेबलावर अंडी उकडायचा टायमर होता. सासरे स्वच्छ सदरा घालून आले, ताठ बसले. दुभाषी अर्थातच मी.

शेजाऱ्यांनी झाडाकडे बोट दाखवलं आणि सावकाश, कोर्टात शोभेल असं विचारलं, “आमच्या झाडाची फुलं आपण तोडलीत का?”

सासरे माझ्याकडे वळले. “काय म्हणतायत ते?”

टायमर टिकटिकत होता. नीट रुळलेला भारतीय केकचा काटा धरून बसला होता.

“विचारतायत, पूजेला रोज फुलं लागतात का.”

सासऱ्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग शेजाऱ्यांकडे वळून मान हलवली. “हो. लागतात.”

“हो म्हणतायत,” मी जर्मनमध्ये सांगितलं.

निकाल उदार होता. कायदा माहीत नसणं ही सबब रोमनांनाही चालत नसे, पण वय आणि परदेश लक्षात घेऊन समज पुरे. शेजाऱ्यांनी स्वतः तीन फुलं कापून सासऱ्यांच्या हातात दिली. सासऱ्यांनी नमस्कार केला. दुसऱ्या दिवसापासून ते फिरायला निघाले, की समोरच्या घरातल्या बाई कठड्यावरच्या कुंड्या आत घ्यायच्या. “फार टापटीप लोक,” सासरे म्हणायचे. “कुंड्यासुद्धा रोज आत घेतात.”

विमानतळावर त्यांनी बॅग माझ्या हातातून स्वतःकडे घेतली. “जावईबापू, त्यांनी झाडाकडे बोट दाखवून विचारलं, आणि तुम्ही पूजेचं सांगितलंत. जबान्या लिहिण्यात जन्म गेला माझा.” मग बॅग खांद्याला लावत म्हणाले, “असू दे. तुम्हाला इथं राहायचंय, मी चाललोय.” त्यांच्या मुलीला, म्हणजे माझ्या बायकोला, यातलं काही कळलं नाही. ती काळजीही त्यांनीच घेतली.

त्यानंतर ते पुन्हा आले नाहीत. गुडघ्यांचं कारण देतात. बायको दर वर्षी त्यांना तिकीट काढू का विचारते, आणि दर वर्षी मी खिडकीतून ती जास्वंद बघतो.

यंदा मी शेजाऱ्यांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. मनाशी एक पळवाट ठेवली होती: एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नाही, हेही त्यांनीच मला शिकवलेलं. त्यांनी सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तो खटला त्यांचा होता. तुमचा अजून सुरूच झालेला नाही.” फुलांचं त्यांना काहीच नव्हतं. आपल्या टेरेसवर, आपल्या टायमरसमोर, दुसरी बाजू ऐकलीच गेली नाही, हे त्यांना झोंबलं होतं. शनिवार, तीन वाजता. सासऱ्यांना फोनवर हजर करा, असा हुकूम. समोरच्या बाईंनाही बोलावलं होतं.

फोन केकच्या ताटलीला टेकवून ठेवला. साताऱ्यात संध्याकाळ होती. सासरे पुन्हा स्वच्छ सदऱ्यात. शेजारी खुर्चीतून उठून उभे राहिले, आपण निरपराध माणसाला दोषी ठरवलं म्हणून त्यांनी माफी मागितली.

“काय म्हणतायत ते?” सासऱ्यांनी विचारलं. “नीट सांगा हं, शब्दाला शब्द.”

मी सांगितलं. चोर मी आहे आणि मीच खोटं भाषांतर केलं, हे आधी मराठीत, मग समोरच्या बाईंसाठी जर्मनमध्ये. बायको माझ्या बाजूलाच बसली होती. तिने हातातली ताटली खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं नाही.

सासऱ्यांनी घसा साफ केला. “त्यांना म्हणावं, फुलं मी नाही तोडली. गवत मात्र मीच उपटलं. ते कोणाचं होतं, हे मी विचारलं नव्हतं.”

मी शब्दाला शब्द सांगितलं. शेजाऱ्यांनी टायमर उचलला आणि सासऱ्यांना बोलायला आणखी दोन मिनिटं लावून दिली.