पेंटर आणि मुकी अक्षरं

चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवून पेंटरचा हात इतका बसला होता, की पट्टी न लावता तो सरळ रेघ मारायचा. घोडं अडायचं ते इंग्रजी स्पेलिंगपाशी. कानाला ऐकू येतं तेच लिहायचं, असा त्याचा खाक्या. सुऱ्यांना धार लावणाऱ्याच्या पाटीवर त्याने ‘नाइफ’ हा शब्द एनपासून सुरू केला, तेव्हा धारवाला भडकला.

“अहो, आधीचा के कुठे गेला?”

“तुमच्या तोंडातून तो कधी बाहेर पडलाय? मग माझ्या ब्रशातून कशाला पडेल?”

धारवाल्याने दोनतीनदा ‘नाइफ’ म्हणून पाहिलं आणि निमूटपणे पाटी उचलून नेली.

पेंटरची एकुलती एक मुलगी सायकॉलॉजिस्ट झाली. तिने दवाखान्यासाठी खोली घेतली त्या दिवसापासून पेंटरने नवे ब्रश भिजत घातले होते. पण जेवताना ती ताटाकडे बघत म्हणाली, “बाबा, बोर्ड मी कॉम्प्युटरवर छापून घेतेय. तुम्हाला उगाच दगदग नको.”

दगदग वगैरे काही नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. पेंटरला लागलं, चांगलंच लागलं. अख्ख्या रस्त्याच्या पाट्या त्याच्या हातच्या, आणि पोटच्या पोरीला भरवसा नाही! पण तिचं चुकतंय असंही त्याला म्हणता येईना. त्याने हात धुतले आणि तडक शेजारच्या निवृत्त मास्तरांचं दार वाजवलं.

“मास्तर, ही न बोलणारी अक्षरं ठेवलीत कशाला?”

मास्तरांना कित्येक वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं. ते खुर्चीत सरसावून बसले. “अरे, ती जन्माची मुकी नाहीत! जुने इंग्रज नाइफमधला के खणखणीत वाजवायचे. नाइटमधला जीएच घशातून यायचा, आपल्या ‘ख’सारखा. पुढे बोलणं बदललं, लिहिणं तसंच राहिलं.”

“आणि डाउटमधला बी?”

“तो इंग्रजीत कधीच बोलला नाही. लॅटिनचा रुबाब दाखवायला पंडितांनी घुसवला.”

“म्हणजे वशिल्याचा!” पेंटर खूश झाला. “आणि आमच्या पोरीच्या सायकॉलॉजिस्टमधले?”

“ते ग्रीक. तिकडे पीसुद्धा बोलायचा आणि एचसुद्धा. इंग्रजांच्या जिभेला झेपेना.”

पेंटरने पंधरा दिवस घरात मुक्या अक्षरांना वाचा फोडली. बायकोकडे ‘क्-नाइफ’ मागितला. झोपताना ‘गुड निख्ट’ म्हणाला, तेव्हा तिने मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. मुलगी ‘प्-साय-ख’पर्यंत ऐकून घ्यायची आणि कानांवर हात ठेवायची.

दवाखाना उघडायच्या दिवशी पेंटर सकाळीच पोचला. छापील बोर्ड दारावर चकचकत होता. त्याने एकेक अक्षर पुटपुटत वाचलं. पी होता. एस, वाय, सी... आणि एकदम ओ! एच गायब!

पेंटरला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. अख्खा रस्ता गोळा करावा असं त्याला वाटलं. हाक मारायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात खिडकीतून मुलगी दिसली. चार खुर्च्या ती तिसऱ्यांदा हलवत होती. पेंटरने तोंड मिटलं. घरी जाऊन रंगाचा डबा आणला, स्टुलावर चढला आणि सी आणि ओच्या मधल्या चिंचोळ्या जागेत बारीक एच बसवायला लागला.

“बाबा! काय करताय?” मुलगी धावत बाहेर आली. मग तिने बोर्ड नीट वाचला. छापणाऱ्याच्या दुकानात तीनदा तपासूनही तिच्या नजरेतून सुटलं होतं. “अय्या,” एवढंच तिच्या तोंडून निघालं.

“कुणाला कळायचं नाही,” पेंटर ब्रश न थांबवता म्हणाला. “मी पण सायलेंट.”

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. आपण बापाला किती सहज बाजूला सारलं, याची तिला मनापासून लाज वाटली.

“बाबा, तो बोर्ड उतरवा. मला तुमच्या हातचा हवाय. पहिल्या अक्षरापासून.”

“आज? अगं, पेशंट यायचेत. रंग संध्याकाळपर्यंत ओला राहील, खालून जाणाऱ्यांच्या डोक्यावर ठिबकेल.”

“मग आज सगळ्यांना मागच्या दाराने घेऊ,” ती म्हणाली आणि स्टूल घट्ट धरून उभी राहिली.