पाच सेकंद तारा बंद राहील

"सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या शनिवारी सायंकाळी ठीक सात वाजून एक्केचाळीस मिनिटांनी वृषभ राशीतील एक तारा सुमारे पाच सेकंदांकरिता बंद राहील. त्या सुमारास गच्चीवरील हॅलोजन व वरच्या जिन्यातील दिवे मालविण्यात येतील. सभासदांनी सहकार्य करावे. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

ही गंभीर सूचना आमच्या लालबागच्या सोसायटीच्या फळ्यावर लागली होती, आणि ती लिहिण्यात माझा काहीही हात नव्हता. मी सेक्रेटरी सावंतांकडे फक्त गच्चीची चावी मागितली होती. कशाला, म्हणून त्यांनी विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. सावंतांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली. काहीही बंद राहणार म्हटलं की त्यांचा हात आपोआप लेटरहेडकडे जातो. पाण्याची टाकी, लिफ्ट आणि तारा, तिघांच्या सूचना शेजारी शेजारी लागल्या. दुसऱ्या दिवशी सहाव्या मजल्यावरच्या काकूंनी मला लिफ्टमध्ये गाठून विचारलं, त्या वेळात गीझर चालेल ना.

मी एका विज्ञान केंद्रात काम करते. शाळांच्या सहलींना ग्रह दाखवायचे, शनीची कडी बघून किंचाळणाऱ्यांना रांगेत ठेवायचं, आणि वर्षातून एखाद्या वेळी खरंखुरं निरीक्षण करायचं, हे माझं काम. त्या शनिवारचं निरीक्षण खरंखुरं होतं.

आमच्या भाषेत त्याला पिधान म्हणतात. सोपं आहे. समोरच्या इमारतीत कुणाच्या तरी खिडकीत दिवा आहे. आपल्या आणि त्या दिव्याच्या मधून एक माणूस चालत गेला. माणूस अंधारात दिसला नाही, पण दिवा क्षणभर गेला आणि परत आला. दिवा किती वेळ गेला हे अचूक मोजलं, तर माणूस किती रुंद होता ते कळतं. दिव्याच्या जागी तारा घ्या आणि माणसाच्या जागी लघुग्रह, म्हणजे सूर्याभोवती फिरणारा एखादा भलामोठा दगड. तो मोठ्या दुर्बिणीतूनही नुसता ठिपका दिसतो. त्याचं खरं माप अशा पाच सेकंदांतूनच मिळतं. अट एकच. आपण त्याच्या सावलीच्या पट्ट्यात उभं असायला हवं. या वेळी पट्टा मुंबईवरून जाणार होता.

आमच्या केंद्राच्या आणि त्या ताऱ्याच्या मध्ये एक नवा टॉवर उभा राहिलाय. तो पाच सेकंदांकरिता बाजूला होईना. म्हणून माझ्या बिल्डिंगची गच्ची. केंद्राची दुर्बीण घुमटात बोल्ट मारून बसवलेली, ती हलेना. म्हणून परेरा सरांची दुर्बीण.

फ्रान्सिस परेरा आमच्या वर्कशॉपचे प्रमुख होते. रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. माटुंग्याला राहतात. घराणं मूळ मुंबईचंच, इतकं जुनं की मुंबईत नवा आलेला माणूस म्हणजे त्यांच्या मते साधारण आपण सगळे. दुर्बिणीचा आठ इंची आरसा त्यांनी स्वतःच्या हातांनी घासलाय. वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक पिंप ठेवून, त्यावर काच, आणि पिंपाभोवती गोल गोल फिरत काचेवर काच घासायची, महिनोन्महिने. मी तेव्हा नोकरीत नवी होते. मला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलंय. त्यांनी मला दुसऱ्या बाजूला उभं केलं आणि म्हणाले, बाय, तूपण फिर. तेव्हापासून मी त्यांची बाय.

त्यांनी पिधान पाहण्याचा आजवर सहा वेळा प्रयत्न केला होता. तीनदा ढग आले. एकदा सावली सरकून भलतीकडे गेली. एकदा ऐन वेळी शेजारणीने दुर्बिणीसमोर चादर वाळत घातली. आणि एकदा, हे ते स्वतः सांगत नाहीत, मी सांगते, त्यांना शिंक आली.

आता सातवी वेळ. आणि या वेळी गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. त्यांचा डावा डोळा लहानपणापासून अधू. उजव्याच्या पडद्यावर मध्यभागी एक डाग पडलाय. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. डाग वाढत जाणार असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. मुंबईवरून पुन्हा अशी सावली कधी जाईल ते मला ठाऊक नव्हतं, पण 'पुढच्या वेळी' हे शब्द परेरा सर हल्ली वापरत नव्हते.

शुक्रवारी डायरेक्टर मॅडमचा फोन आला.

"कॅमेरा लावतेयस ना?"

"लावतेय."

"परेरांना आयपीसला बसवणार नाहीयेस ना?"

"दुर्बीण त्यांची आहे, मॅडम."

"दुर्बीण त्यांची, डेटा आपला. खुर्ची दे, चहा दे, लॅपटॉपवर दाखव."

मॅडम दुष्ट नाहीत. त्यांचं बरोबरच होतं. कॅमेरा प्रत्येक चित्रावर सेकंदाच्या बारीक भागापर्यंत वेळ छापतो. माणसाचं तसं नसतं. तारा गेलेला डोळ्याला दिसतो, मग डोक्याला पटतो, मग तोंड उघडतं. तेवढ्यात अर्धा सेकंद जातो. आणि आयपीस, म्हणजे जिथे डोळा लावतात ते भिंग, काढल्याशिवाय तिथे कॅमेरा बसत नाही. एक तर तो, नाही तर माणूस.

मी परेरा सरांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ठीक आहे बाय, सायन्स आहे. लॅपटॉपच्या स्क्रीनवर त्यांना काय दिसणार होतं ते आम्हां दोघांनाही ठाऊक होतं.

शनिवारी साडेसहाला सावंतांनी गच्ची झाडून घेतली होती. दहा-बारा सभासद घरच्या खुर्च्या घेऊन हजर होते. हॅलोजनच्या बटणापाशी सावंत स्वतः उभे, इस्त्रीच्या शर्टात. परेरा सर स्टुलावर बसले. मी दुर्बीण लावली, कॅमेरा बसवला, फोकस केला. छापून आणलेल्या ताऱ्यांच्या नकाशाशी लॅपटॉपचा पडदा ताडून पाहिला. तीन ताऱ्यांचा त्रिकोण, त्याच्या शेजारी आपला तारा. सापडला. मी इतकी खूश झाले की काकूंना लघुग्रहावर छोटंसं व्याख्यानही दिलं. नकाशाची एक प्रत परेरा सरांना धरायला दिली होती. हातात काहीतरी असावं म्हणून, खरं सांगायचं तर.

सात अठ्ठावीसला ते हळूच म्हणाले, "बाय, हा नकाशा कुठल्या दुर्बिणीचा?"

पोपटासारखी मान कलती करून, डोळ्याच्या कडेनं, ते कागद बघत होते. मांडीवर त्यांचा स्वतःचा नकाशा होता. पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर जाड पेननं काढलेला. महिनाभर रोज संध्याकाळी ते त्यावरून बोट फिरवत बसायचे, हे मला नंतर कळलं. त्यांच्या पुठ्ठ्यावर तारा त्रिकोणाच्या डावीकडे होता. माझ्या कागदावर उजवीकडे.

मी दोन्ही नकाशे शेजारी शेजारी धरले. केंद्राच्या दुर्बिणीत मान न वाकवता बघता यावं म्हणून एक छोटा तिरका आरसा बसवलाय. त्यामुळे चित्राचं डावं-उजवं बदलतं, टॅक्सीच्या आरशात मागच्या गाडीचा नंबर उलटा दिसतो तसं. म्हणून मी इतकी वर्षं नकाशे उलटे छापते. सवयीनं हाही उलटा छापला होता. परेरा सरांच्या दुर्बिणीत चित्र डोक्यावर उभं असतं, पण डावं-उजवं बदलत नाही. ठरल्या वेळेच्या तेरा मिनिटं आधी मी, पूर्ण आत्मविश्वासानं, भलताच तारा धरून बसले होते. त्याच्यासमोरून जन्मात कुणी जाणार नव्हतं.

कॅमेऱ्याला आकाशाचा टिचभर तुकडा दिसतो. त्यात चुकलेली वाट सापडत नाही. मी कॅमेरा काढला, आयपीस बसवला आणि खरा त्रिकोण शोधला. खरा तारा सापडला तेव्हा सात छत्तीस झाले होते. कॅमेरा परत बसवून फोकस करायला मला निदान दहा मिनिटं लागतात.

म्हणजे आता जुनी पद्धत. एका फोनवर अचूक वेळेची टिकटिक लावायची, दर सेकंदाला एक. दुसऱ्या फोनवर आवाज रेकॉर्ड करायचा. बघणाऱ्यानं फक्त दोन शब्द बोलायचे. तारा गेला की 'गेला', परत आला की 'आला'. टिकटिकीत ते शब्द कुठे पडले ते नंतर मोजायचं. त्या वेळात बाकी कुणी तोंड उघडायचं नाही. आता बघणारं कोण, एवढाच प्रश्न उरला.

"तू बस," परेरा सर म्हणाले. "तुझे डोळे चांगले आहेत. मी फोन धरतो."

पगार मला याचाच मिळतो. मॅडमना काय सांगायचं तेही डोळ्यांसमोर आलं. मी एकदा दुर्बिणीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि म्हणाले, "सर, माझा चष्मा खाली घरात राहिला."

"अहो, डोक्यावर आहे," सावंत म्हणाले.

मी सावंतांकडे पाहिलं. लग्नाला तीस वर्षं झालेला माणूस तो, नजर ओळखतो. त्यांनी घसा खाकरला आणि हॅलोजन विझवला.

परेरा सरांनी सगळं ऐकलं होतं. ते स्टूल दुर्बिणीपाशी ओढून बसले. मी विचारलं, दिसेल ना? ते म्हणाले, "मधलं दिसत नाही गं मला, बाजूचं दिसतं. ताऱ्यांना मी आयुष्यभर बाजूनंच बघत आलोय."

हे खरं आहे, आणि हे आमच्यातल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी शिकवतात. मंद ताऱ्याकडे थेट बघायचं नाही. जरा बाजूला बघायचं. डोळ्याची कड अंधारात जास्त तरबेज असते. मला ते त्यांनीच शिकवलं होतं, आणि इतक्या दिवसांत मला ते एकदाही आठवलं नव्हतं.

मी फोन त्यांच्या तोंडापाशी धरला. सात चाळीस. टिकटिक. खाली रस्त्यावर कुणीतरी बाइक चालू केली, ती गेली. काकूंनी पदर तोंडाला लावला होता. परेरा सरांचा उजवा हात माझ्या मनगटावर होता, इतक्या वर्षांच्या काचेनं खरखरीत झालेला. शिंक येऊ नये म्हणून मी त्यांच्या वतीनं देवाला सांगत होते. त्यांच्या की माझ्या, जो मोकळा असेल त्याला.

"गेला," ते म्हणाले.

इतकं शांत, जसं कुणी दार ओढून घेतलं.

एक टिक. दोन. तीन. चार. मग ते काहीतरी पुटपुटले. पण 'आला' नव्हतं ते, आणि काय होतं ते मला कळलं नाही, कारण काकूंनी टाळ्या सुरू केल्या आणि अख्खी गच्ची त्यांत सामील झाली. सावंतांनी हॅलोजन लावला तर परेरा सर अजून आयपीसला डोळा लावूनच बसलेले. गाल ओला होता. म्हणाले, आयपीसला दव धरलंय. जानेवारीत लालबागला किती दव पडतं ते मी त्यांना विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवी सूचना होती: काल सायंकाळी बंद झालेला तारा पूर्ववत सुरू झाला असून सभासदांनी नोंद घ्यावी. तो कागद परेरा सरांनी मागून घेतला. त्यांच्या कपाटात आहे.

सोमवारी मॅडमनी आधी मला झापलं. ते रास्त होतं. मग नोंदीचा फॉर्म पुढे ओढला. डोळ्यांनी केलेल्या निरीक्षणालाही त्यात एक रकाना असतो, बघणाऱ्याचा अर्धा सेकंद वजा करायची सोय असते, आणि काहीच नसण्यापेक्षा असा आकडा पुष्कळ बरा असतो. आमचा आकडा चार आणि थोडा. बाकीच्या ठिकाणच्या नोंदींशी लावल्यावर सावलीचा एक काठ त्यातून नीट जुळला. मला मिळालेला धडा एवढाच, की नकाशा छापण्याआधी दुर्बीण कुणाची आहे ते बघावं.

"यात 'आला' कुठे आहे?" मॅडमनी विचारलं.

मी म्हटलं, नाहीये. तारा परत दिसल्याबरोबर त्यांच्या तोंडून जे निघालं, त्याचा पहिला आवाज मी वेळ म्हणून धरलाय. मॅडमनी रेकॉर्डिंग लावलं. फोन त्यांच्या तोंडापाशीच होता, त्यामुळे टाळ्यांतूनही, टिकटिकीच्या मध्ये, ते स्पष्ट ऐकू येतं. त्यांनी ते तीनदा ऐकलं. मग पेन उचललं आणि शेऱ्याच्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात, जाणाऱ्या लघुग्रहाला परेरा सर जे बोलले ते जसंच्या तसं लिहिलं:

"अरे, थांब ना जरा. आत्ताच तर आलास."